टक्के सोडले, वॉट धरले: जुन्या थिंकपॅड टी४८० साठी घेतलेल्या ७२ वॉट-अवरच्या बॅटरीबद्दल

गुण आधीच सांगून टाकते, घाईत असलेल्यांनी तेवढे घेऊन निघावं. बॅटरीला पाचपैकी चार. कापलेला एक गुण तिच्या पोटासाठी आहे, त्याबद्दल पुढे. आणि हिच्या आधी मी जी स्वस्तातली बॅटरी घेऊन बसले होते, तिला शून्य. शून्याच्या खाली जायची सोय असती तर तीही वापरली असती.

मी अनुवादाचं काम करते. करार, अहवाल, यंत्रांच्या माहितीपुस्तिका. दिवसातले आठ-नऊ तास बोटं कीबोर्डवर असतात, त्यामुळे लॅपटॉप निवडताना मी पडद्याआधी कीबोर्ड बघते. टी४८० हे लेनोवोचं २०१८ चं मॉडेल आहे. त्याच्या कळा आजही अशा दाबल्या जातात की नवीन पातळ लॅपटॉपवर टाइप करताना मला टेबलावर बोटं आपटल्यासारखं वाटतं. आत इंटेलचा आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर आहे. विंडोज ११ ज्या इंटेल प्रोसेसरांवर अधिकृतपणे चालतं त्यांची यादी साधारण याच पिढीपासून सुरू होते, म्हणजे हा गडी काठावर पास झालेला आहे. थोडक्यात, यंत्र बदलायचं मला काही कारण नव्हतं. फक्त चार्जर काढला की जेमतेम दोन तासांत मान टाकायचं.

या लॅपटॉपला दोन बॅटऱ्या असतात हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक आत, २४ वॉट-अवरची (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), आणि एक मागे बाहेरून बसणारी. बाहेरची तीन मापांत मिळते, २४, ४८ आणि ७२. माझ्यासोबत आली होती ती २४ ची. लॅपटॉप आधी बाहेरची बॅटरी संपवतो आणि मग आतलीवर येतो. त्यामुळे लॅपटॉप चालू असतानाच बाहेरची काढून दुसरी लावता येते, काम थांबवावं लागत नाही. ही सोय नंतरच्या मॉडेलांतून गेली याचं मला अजून वाईट वाटतं.

तर दोन तासांचं रडगाणं मी भाच्याला ऐकवत होते. "बघ ना, शंभर टक्के दाखवतो आणि बघता बघता वीस." तो म्हणाला, "मावशी, टक्के काय बघतेस? शंभर टक्के कशाचे ते आधी बघ." सोनारानेच कान टोचावेत म्हणतात तसं झालं. टक्का म्हणजे बॅटरीत आज जेवढं मावतं त्याचा हिस्सा. तळाशी गाळ साचलेली टाकीसुद्धा काठोकाठ भरली की 'पूर्ण भरली' असंच आपण म्हणतो.

गाळ किती ते विंडोज स्वतःच सांगतं, वेगळं काही घ्यावं लागत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, पॉवरसीएफजी टाइप करायचं, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट हा शब्द जोडून (powercfg /batteryreport). एक पान तयार होतं, ते कुठे ठेवलंय ते तिथेच दिसतं, ते ब्राउझरमध्ये उघडायचं. त्यात दोन आकडे महत्त्वाचे: डिझाइन कपॅसिटी, म्हणजे नवी असताना किती मावायचं, आणि फुल चार्ज कपॅसिटी, म्हणजे आता किती मावतं. आकडे मिलिवॉट-अवरमध्ये असतात, हजाराने भागायचं. माझ्या आतल्या बॅटरीत २४ च्या जागी १५.३ उरले होते आणि बाहेरचीत २४ च्या जागी ८.६. म्हणजे एकूण ४८ ची २४ झाली होती. निम्मी.

ही निम्मी कोणी केली? मीच. पाच वर्षं लॅपटॉप टेबलावर, चार्जर कायम लावलेला, बॅटरी कायम शंभरावर. मला वाटायचं, वापरलीच नाही तर झिजेल कशी. लिथियम-आयनचं गणित वेगळं असतं. साधारण या बॅटऱ्यांतला सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टपर्यंत जातो, आणि त्या वरच्या व्होल्टेजवर, त्यातही उष्णतेत, तो पडून राहिला की आतली रसायनं हळूहळू खराब होत जातात. वापर असो वा नसो. म्हणजे मी जिला जपून ठेवत होते ती जपल्यामुळेच म्हातारी झाली. याच्या उलटा सल्ला मला एका सहकाऱ्याने वर्षानुवर्षं दिला: "पूर्ण संपू दे, मगच चार्जिंगला लाव." ती निकेल-कॅडमियमच्या जमान्यातली सवय. लिथियमला तळ गाठायला लावणं हासुद्धा छळच.

आता बॅटरीकडे वळण्याआधी दुसरी बाजू, कारण माझं निम्मं दुखणं तिथेच होतं. वॉट-अवर म्हणजे साठा, वॉट म्हणजे खर्चाचा वेग. साठ्याला वेगाने भागलं की तास. २४ वॉट-अवर भागिले १२ वॉट, दोन तास. इतकं साधं गणित असून मी इतकी वर्षं उरलेल्या वेळेचा तो फसवा आकडा बघत बसले, जो दर मिनिटाला शब्द फिरवतो.

खर्चाचा वेग बघायला भाच्याने बॅटरीइन्फोव्ह्यू नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर टाकून दिलं. चार्जर काढला की त्यात डिस्चार्ज रेट दिसतो. एका रविवारी वही घेऊन बसले आणि एकेक गोष्ट बदलत आकडा लिहीत गेले. नवऱ्याला वाटलं मी हिशेब करतेय. तसं पाहिलं तर हिशेबच होता.

सुरुवातीला रोजचा पसारा जसाच्या तसा ठेवून आकडा आला १२ वॉट. पडद्याचा उजेड पूर्ण होता, तो चाळीस टक्क्यांवर आणला आणि दहा मिनिटं थांबले. साडेनऊ. फक्त एका सरकपट्टीने अडीच वॉट गेले! घरात बसून काम करताना पूर्ण उजेडाची गरज मला कधीच नव्हती, सवय होती एवढंच. मग ब्राउझर. चाळीसएक टॅब उघडे, त्यातल्या एका बातम्यांच्या पानावर जाहिरातीचा व्हिडिओ आवाज बंद करून आपला एकटाच नाचत होता. तो टॅब बंद केला, बाकीचे वापरात नसताना झोपवण्याची सेटिंग चालू केली आणि आकडा आठवर आला.

तिसरी युक्ती भाच्याची. जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगांत 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' असतं. बॅटरीवर असताना ते १०० ऐवजी ९९ करायचं. एका टक्क्याने काय होणार असं मलाही वाटलं, पण ९९ केलं की टर्बो बंद होतो. माझा प्रोसेसर मूळ १.६ गिगाहर्ट्झचा, टर्बोत ३.४ पर्यंत उसळतो, आणि ही उसळी वीज खाते. मला शब्द टाइप करायचे आहेत, रॉकेट सोडायचं नाही. सरासरी अर्धा वॉट वाचला, पंखा गप्प झाला हा वरचा फायदा. मोठी फाइल उघडायला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढा मी चष्मा पुसण्यात घालवते.

साडेसात वॉट. त्याच मेलेल्या बॅटऱ्यांवर, एक पैसाही खर्च न करता, दोनाचे तीन तास झाले.

ज्यांचा काहीच उपयोग झाला नाही त्या गोष्टीही लिहून ठेवते, कारण सल्ले देणारे त्याच आधी सांगतात. डार्क मोड: शून्य फरक. साध्या एलसीडी पडद्याच्या मागे दिवा असतो, तो काळ्या पानामागेही तेवढाच जळतो. ओएलईडी पडदा असेल, ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, तर गोष्ट निराळी. ब्लूटूथ बंद करणं: आकडा हललाही नाही. दर तासाला सगळे प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडणं: उघडतानाच जास्त जाते. उलट ज्याचा संशयही नव्हता ती यूएसबीला विसरून राहिलेली पेन ड्राइव्ह जवळपास अर्धा वॉट खात होती. आणि व्हिडिओ कॉल? सोळा वॉट. त्याला इलाज नाही, चार्जर शोधायचा.

झाकण मिटून झोपवलेला लॅपटॉपही थोडं थोडं पीत असतो. संध्याकाळी मिटला की सकाळी पाच-सहा टक्के गेलेले दिसायचे. आता रात्रीसाठी हायबरनेट करते, म्हणजे उघडलेलं काम डिस्कवर ठेवून लॅपटॉप बंद होतो. उघडायला थोडे जास्त सेकंद लागतात, पण सकाळी जेवढं ठेवलं तेवढं मिळतं.

आता बॅटरीची खरेदी. यात मी आधी शहाणपणा दाखवला आणि मग पस्तावले. ७२ वॉट-अवरची बॅटरी शोधताना एक ऑनलाइन विक्रेता मूळ बॅटरीच्या तिसऱ्या हिश्शाच्या दरात 'सुसंगत, ग्रेड ए' बॅटरी देत होता. नाव घेत नाही. मी घेतली. जुन्या लॅपटॉपवर नाकापेक्षा मोती जड कशाला, असा माझा हिशेब.

पेटी उघडली, बॅटरी हातात घेतली आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं. हलकी लागत होती. रिपोर्ट काढला तर डिझाइन कपॅसिटी बरोब्बर ७२,००० आणि फुल चार्ज कपॅसिटीसुद्धा बरोब्बर ७२,०००. खऱ्या जगात मोजलेली कुठली गोष्ट इतकी गोल येते? उत्पादकाच्या जागी अर्थ न लागणारी चार अक्षरं. तरी मनाची समजूत घातली आणि कामाला लागले. आठ वॉटच्या आसपास खर्च चालू होता. चार तास चाळीस मिनिटांनी बाहेरची बॅटरी ४८ टक्के दाखवत होती, आणि पुढच्या क्षणी शून्य. मध्ये काही नाही. ४८, शून्य. आतली बॅटरी होती म्हणून लॅपटॉप बंद पडला नाही, नाहीतर करारातली सहा कलमं हवेत गेली असती.

आठ वॉटने चार तास चाळीस मिनिटं म्हणजे साधारण ३७ वॉट-अवर. मला ७२ च्या नावाखाली ३७ विकले होते. वरचा टक्क्यांचा आकडा ती आपली ७२ धरून मनाने मोजत होती.

मग मी स्वयंपाकघरातला काटा काढला. या मापाच्या बॅटरीत १८६५० जातीचे सहा सेल असतात: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आकाराने साध्या पेन्सिल सेलचा थोरला भाऊ. असा एक चांगला सेल साधारण ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. सहा सेलांचेच झाले २७०, वर प्लास्टिकचं कवच आणि सर्किट वेगळं. माझी अख्खी बॅटरी भरली २१४ ग्रॅम. काट्यावरचा फोटो, ४८ वरून शून्याचा फोटो आणि वरचं गणित असं सगळं विक्रेत्याला पाठवलं. पहिल्यांदा उत्तर आलं, "मॅडम, तीन वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज करा, कॅलिब्रेट होईल." कॅलिब्रेशन खोटं नसतं. बॅटरीतली मोजणारी चिप कालांतराने भरकटते आणि एकदा पूर्ण भरून, पूर्ण उतरवून, पुन्हा भरली की ती ताळ्यावर येते. पण कॅलिब्रेशनने वजन वाढत नाही. एवढं एक वाक्य लिहून पाठवलं आणि आठवड्याभरात पैसे परत आले.

दुसऱ्यांदा मूळ कंपनीची, म्हणजे लेनोवोचीच घेतली. तुमच्या जुन्या बॅटरीच्या लेबलवरचा आणि कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीतला क्रमांक ताडून बघा, नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका. आल्या आल्या आधी काट्यावर ठेवली. तीनशेच्या वर गेली तेव्हा लॅपटॉपला लावायचं धाडस केलं. पहिल्या रिपोर्टमध्ये फुल चार्ज कपॅसिटी ७१ च्या पुढे काहीतरी वेडीवाकडी संख्या होती, आणि तो वेडावाकडा आकडा बघून मला झालेला आनंद घरात कोणालाही कळला नाही.

बसवायला काही लागत नाही. लॅपटॉप पालथा घालायचा, दोन खटके सरकवायचे, जुनी बाहेर, नवी आत, खट्ट. पेचकस नको, माणूस नको.

आता साठा आतल्या १५ सह ८६ च्या वर, वेग साडेसात. कागदावर साडेअकरा तास. प्रत्यक्षात मला दहा ते अकरा मिळतात, कारण मध्ये एखादा कॉल येतो आणि मी मोहाने उजेड वाढवते. सकाळी चार्जर घरी ठेवून निघते आणि संध्याकाळी वीस-बावीस टक्के घेऊन परत येते. सेटिंगा न बदलता नुसती बॅटरी घेतली असती तर हेच सात तास झाले असते. म्हणून म्हणते, आधी तो वहीचा रविवार करा, मग बॅटरी घ्या. कदाचित लागणारही नाही.

पोटाचं सांगायचं राहिलं. ही बॅटरी मुळातच जाड आहे, लॅपटॉपच्या खाली मागच्या बाजूने पोटासारखी बाहेर येते. टेबलावर ठेवल्यावर मागचा भाग उचलला जातो, कीबोर्डला उतार मिळतो, खालून हवा खेळते. माझ्या मनगटांना तो उतार मानवला. पण मांडीवर घेतला की तो उंचवटा नेमका टोचतो, आणि घट्ट कव्हरमध्ये लॅपटॉप जात नाही. मला नवीन पिशवी घ्यावी लागली. वजनही जाणवतं. मांडीवर काम करणाऱ्यांनी एक नाही, दोन गुण कापावेत. विमानाने जाणाऱ्यांना मात्र अडचण नाही: साधारण १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते. सुटी बॅटरी चेक-इनच्या सामानात टाकायची नाही, हातातल्या पिशवीत ठेवायची.

टी४८० यूएसबी-सीवरही चार्ज होतो, त्यामुळे "पॉवर बँकच का नाही घेतलीस" असं भाच्याने विचारलंच. विचार केला होता. पण पॉवर बँकेवर छापलेले मिलिअँपिअर-अवर आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचे असतात. २०,००० ची म्हणजे २० गुणिले ३.७, ७४ वॉट-अवर, आणि त्यातले काही व्होल्टेज चढवतानाच वाया जातात. वर एक वायर लोंबकळत राहते. मागे खट्ट बसणारी बॅटरी बरी. ज्यांची बॅटरी आत बंद आहे त्यांच्यासाठी मात्र पॉवर बँक हाच सोपा मार्ग, फक्त ती २० व्होल्ट देते ना आणि लॅपटॉपला पुरतील एवढे वॉट देते ना, हे बघून घ्या.

या नवीन बॅटरीचा जुनीसारखा बळी जाऊ नये म्हणून पहिल्याच दिवशी लेनोवो व्हँटेज या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंगची मर्यादा लावली: ७५ च्या खाली गेल्यावर चार्ज सुरू, ८० ला बंद. टेबलावर काम असतं तोवर ती ऐंशीच्या वर जात नाही. बाहेर जायचं असेल त्याच्या आदल्या रात्री मर्यादा उठवते. पहिल्यांदा उठवायला विसरले आणि ऐंशीवरच निघाले, तरी दिवस निघाला. इतर अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्येही अशी सोय असते, कुठे बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगांत), कुठे त्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये. शोधा, सापडेल.

आतली १५ ची बॅटरी सध्या तशीच ठेवली आहे. ती बदलायला तळाचं झाकण उघडावं लागतं आणि त्याआधी बायोसमध्ये जाऊन 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' करावं लागतं, म्हणजे हात घालताना आत वीज फिरत नाही. भाचा म्हणतो, वीस मिनिटांचं काम. त्याची वीस मिनिटं मला ठाऊक आहेत. बॅटरी अजून सपाट आहे, टचपॅड नीट दाबला जातो, म्हणून घाई नाही. माझ्या आधीच्या लॅपटॉपचा टचपॅड एकदा क्लिक होईना, मी बरेच दिवस धूळ समजून फुंकर मारत राहिले, आणि खाली बॅटरी फुगून उशीसारखी झाली होती. तशी दिसली की चार्जर काढायचा, तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही, कचऱ्याच्या डब्यात तर अजिबात नाही. थेट ई-कचरा घेणाऱ्यांकडे.

जुनी ८.६ वाली बाहेरची बॅटरी टाकली नाही. निम्मी भरून, पलंगापासून लांबच्या थंड कपाटात ठेवली आहे. तासाभराचा ऐवज आहे अजून तिच्यात. दर तीन महिन्यांनी काढून बघायची, तीस टक्क्यांच्या खाली गेली असेल तर पुन्हा निम्मी भरायची, अशी चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. नवऱ्याने खाली पेन्सिलीने लिहिलंय, 'आणि माझी?'